साई : मनगटात जपलेला इतिहास

नवऱ्याला ओन्ना गावातल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत काम मिळालं आणि आम्ही पुण्याहून ओकिनावाला राहायला गेलो. जपानी भाषा मला येत होती, कराटे शाळेपासून अंगात मुरलेलं होतं. त्यामुळे तिथल्या एका लहानशा दोजोत, म्हणजे सरावशाळेत, मला जागा मिळाली आणि कराटेच्या जोडीनं कोबुदो, म्हणजे ओकिनावाची जुनी शस्त्रविद्या, शिकता आली. बो, साई, तोनफा, नुनचाकु, कामा ही तिथली मुख्य हत्यारं. त्यातली साई माझ्या हातात आली आणि तिथंच राहिली.

साई म्हणजे हातभर लांबीची, धार नसलेली लोखंडी सळई. मुठीच्या वर दोन्ही बाजूंना दोन बाकदार शिंगं. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी. तिच्याबद्दल आपल्याकडे जे ऐकू येतं ते बहुतेक सिनेमातून आणि कार्टूनमधून आलेलं असतं. ओकिनावात शिकताना आणि तिथल्या गावांतून हिंडताना तिच्याविषयी जे उमगत गेलं, ते इथं मांडते आहे.

१. शेतकऱ्याची गोष्ट आधी बाजूला ठेवावी

कोबुदोबद्दल जगभर एकच गोष्ट सांगितली जाते. राज्यकर्त्यांनी ओकिनावाच्या लोकांची हत्यारं काढून घेतली. मग गरीब शेतकऱ्यांनी हाताशी असलेली अवजारं उचलली, रात्री चोरून सराव केला आणि तलवारवाल्या सामुराईंना तोंड दिलं. या गोष्टीत साईच्या वाट्याला बी पेरायला भोकं पाडण्याचं किंवा गवताच्या पेंढ्या उचलण्याचं काम येतं. लहानपणी मीही हेच ऐकलं होतं. ते मनाला भिडतं, कारण दुबळ्यानं बलवानाला नमवलेलं कुणाला आवडणार नाही?

पण ओकिनावात लोखंडाचं खनिज नाही. लोखंड बाहेरून, जहाजानं यायचं. जे काम लाकडाची टोकदार काठी फुकटात करते, त्यासाठी एखादा शेतकरी दीडेक किलो लोखंड एका जोडीत घालेल, हे पटत नाही. मुठीजवळच्या त्या शिंगांचा तर शेतातल्या कुठल्याच कामाला उपयोग नाही. कामा हा खरोखरच विळा आहे आणि एकु हे खरोखरच नावेचं वल्हं आहे. त्यांना ती गोष्ट लागू पडते. सगळ्या हत्यारांना एकच जन्मकथा चिकटवली की प्रत्येकाचं खरं कूळ पुसलं जातं, आणि याचं मला वाईट वाटतं.

हत्यारबंदीचीही तीच कथा. राजा शो शिन यानं १४७७ ते १५२६ अशी दीर्घ काळ सत्ता चालवली. १५०९ साली शुरी किल्ल्यातल्या मुख्य वाड्याच्या दगडी कठड्यावर त्याच्या कारकिर्दीची थोरवी कोरली गेली. त्या लेखात तलवारी आणि धनुष्यबाणांचा उल्लेख येतो. ओकिनावाच्या अभ्यासाचे जनक मानले जाणारे इहा फुयू यांनी त्याचा अर्थ राजानं शस्त्रं मोडीत काढली असा लावला. नंतरच्या इतिहासकारांनी त्याच ओळी पुन्हा वाचल्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्रांचा साठा केला, असा अर्थ सांगितला. मला हा दुसरा अर्थ खरा वाटतो. बरोबर शंभर वर्षांनी, १६०९ मध्ये, दक्षिण जपानातल्या सात्सुमाच्या शिमाझु घराण्याचे सुमारे तीन हजार सैनिक चालून आले, तेव्हा र्‍यूक्यूच्या, म्हणजे ओकिनावाच्या तेव्हाच्या राज्याच्या, लोकांनी शस्त्रांनिशी प्रतिकार केला होता. तो टिकला नाही. राजा शो नेइला धरून नेलं आणि पुढची अडीचशेहून अधिक वर्षं हे राज्य वरून स्वतंत्र, आतून सात्सुमाच्या मुठीत राहिलं. निर्बंध आले, पण राज्य चालवायला पहारेकरी लागतातच, आणि चोर-दरोडेखोर काही निर्बंधांनी नाहीसे होत नाहीत.

शस्त्रच माहीत नसलेल्या भोळ्या बेटाची कल्पना युरोपात पसरली ती बेसिल हॉल या ब्रिटिश कप्तानामुळे. तो १८१६ मध्ये ओकिनावाला येऊन गेला आणि परतीच्या वाटेवर १८१७ मध्ये सेंट हेलेनावर कैदेतल्या नेपोलियनला भेटला. त्या लोकांकडे शस्त्रं दिसली नाहीत, असं त्यानं सांगितलं आणि नेपोलियनचा त्यावर विश्वास बसेना. नेपोलियनची शंका रास्त होती. परक्या लढाऊ जहाजावरून उतरलेल्या पाहुण्यांना शस्त्रं दाखवायची नसतात, एवढं शहाणपण त्या छोट्या राज्याच्या अधिकाऱ्यांकडे नक्की होतं.

२. ती शिपायाच्या हातातली होती

र्‍यूक्यू राज्यात बंदोबस्ताचं काम करणाऱ्या शिपायांना चिकुसाजी म्हणत. साई त्यांची. गर्दी मागे सारायची, मिरवणुकीची वाट मोकळी करायची, गुन्हेगाराला धरून आणायचं, ही त्यांची कामं. शेवटच्या राजाच्या काळातले कानागुसुकु सान्दा हे या कामातलं मोठं नाव. 'उफुचिकु' हा त्यांचा हुद्दा. तो त्यांच्या नावाला इतका चिकटला की त्यांच्या परंपरेलाही आज तेच नाव आहे. १८७९ मध्ये जपाननं राज्य खालसा केलं, ओकिनावा प्रांत बनवला, राजा शो ताइला तोक्योला नेलं. हुद्दे गेले. पण कानागुसुकुंसारख्या माणसांनी पुढच्या पिढीला शिकवणं सोडलं नाही.

एवढं एक कळलं की साईचा सगळा आकार उलगडतो. धार नाही, कारण कापायचं नाही. सळईचा फटका मनगटावर, कोपरावर, नडगीवर. मुठीच्या मागच्या बोंडानं छातीत किंवा पोटात ठोसा. शिंगात मनगट अडकवून माणसाला गुडघ्यावर आणायचं. जपानच्या मुख्य बेटांवर एदो काळातले शिपाई जुत्ते नावाचं एकाच आकड्याचं लोखंडी हत्यार बाळगत, तेही याच कामाचं. पकडलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे उभं करायचं तर तो जिवंत हवा. सरावात एखाद्याचा फटका मानेकडे वळला की आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, तिथंच हात धरत. "याची उद्या चौकशी व्हायची आहे. आज याला जगू द्या." मग तोच फटका खांद्याखाली, दंडावर घ्यायला लावत. मारण्याची ताकद कमी करायला ते कधीच सांगत नसत. जागा बदलायला सांगत.

३. त्रिशूळ दिसला तरी लगेच आपला म्हणू नये

साई पाहिली की भारतीय माणसाच्या तोंडून पहिला शब्द येतो, त्रिशूळ. माझ्याही मनात तोच आला होता. हे हत्यार मूळचं भारतातलं, तिथून आग्नेय आशियात गेलं आणि तिथून ओकिनावाला पोचलं, असा तर्क काही लेखकांनी मांडलाही आहे. मलेशियातली तेकपी किंवा चाबांग आणि इंडोनेशियातला त्रिसुला ही हत्यारं साईच्या सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. दुसरा तर्क चीनचा. तिथल्या फुजियान प्रांतातल्या युद्धकलांमध्ये याच घडणीचं लोखंडी हत्यार आहे. परंपरा सांगते की १३९२ पासून फुजियानी कुटुंबं नाहा बंदराजवळच्या कुमे वस्तीत येऊन राहिली होती. राज्याचा चीनशी असलेला पत्रव्यवहार आणि नौकानयन तीच सांभाळत. कराटेची बरीच मुळं फुजियानात जातात. त्यामुळे साईसाठीही मला हाच रस्ता अधिक जवळचा वाटतो.

पण आपला आणि ओकिनावाचा संबंध शोधायचा तर तो कागदावर सापडतो, आणि तो त्रिशुळाहून पक्का आहे. पंधराव्या शतकात र्‍यूक्यूची जहाजं चीन, कोरिया, सियाम, मलाक्का, जावा अशी फिरत होती. १४५८ मध्ये ओतलेल्या शुरीच्या मोठ्या घंटेवर हे राज्य म्हणजे सर्व देशांना जोडणारा पूल आहे, अशा अर्थाचा मजकूर आहे. ही जहाजं मलाक्काला जात त्याच काळात तिथं अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरचे व्यापारीही येत. तोमे पिरेश या पोर्तुगीजानं १५१२ ते १५१५ च्या सुमारास लिहिलेल्या 'सुमा ओरिएंताल'मध्ये मलाक्कात दिसणाऱ्या लोकांची लांबलचक यादी आहे. त्या यादीत चौल, दाभोळ आणि गोव्याचे लोक आहेत. त्याच यादीत पुढे लेकियो आहेत, म्हणजे र्‍यूक्यूचे लोक.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा फार आनंद झाला. चौलचा नाखवा आणि नाहाचा खलाशी एकाच बंदरात माल उतरवत होते. यावरून साई कोकणातून गेली असं सिद्ध होत नाही, आणि तसं कुणी म्हणू नये. पण ज्या समुद्रावरून ही माणसं ये-जा करत होती त्यावर हत्यारांच्या कल्पनाही फिरत असणार, एवढं म्हणायला ही यादी पुरेशी आहे.

४. मोजमाप कोपराशी

साई उलटी धरली, म्हणजे सळई हाताच्या खालच्या बाजूनं कोपराकडे नेली, की तिचं टोक कोपराच्या बोटभर पुढे यायला हवं. आखूड पडली तर काठीचा फटका थेट कोपराच्या हाडावर बसतो. फार लांब असली तर फिरवताना दंडाला अडते. मोठ्या माणसाची एक साई साधारण ६०० ते ८०० ग्रॅम भरते आणि तोल शिंगांच्या आसपास असावा लागतो. नाहातल्या शुरेइदो या दुकानात मी गेले तेव्हा तिथल्या माणसानं एक शब्द न बोलता आधी माझा हात कोपरात वाकवून पाहिला आणि मग मागच्या फळीवरून जोडी काढली.

५. सगळं काम अंगठ्याचं

बघणाऱ्याला वाटतं की साई मनगटानं फिरते. मनगट लागतंच, पण हुकूम अंगठ्याचा. उलट्या पकडीत अंगठा सळई आणि शिंग यांच्या बेचक्यात बसतो, तर्जनी मुठीवरून सरळ बोंडाकडे जाते आणि उरलेली तीन बोटं दुसऱ्या शिंगाभोवती वळतात. सळई आता हाताच्या खाली लपलेली असते. समोरच्याला दिसतं ते फक्त बोंड. या स्थितीत ठोसा मारला की बोंड लागतं, आणि हात आडवा घेतला की सळई ढालीचं काम करते.

मग बोटं उघडतात. अंगठ्याच्या बेचक्याभोवती अख्खी साई गर्रकन फिरते, सळई पुढे झेपावते, मूठ तळव्यात येऊन आदळते आणि बोटं मिटतात. हीच सरळ पकड. परत येताना उलटा क्रम. काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाच्या, वेगात हे इतक्या झटकन होतं की बोटं उघडल्याचं दिसतच नाही. पण हळू करून पाहिलं तर कळतं की मधल्या क्षणी साई जवळजवळ मोकळीच असते. तिला कोणी धरलेलं नसतं. तिच्या वजनाला वाट द्यायची आणि योग्य जागी ती पुन्हा पकडायची, एवढंच. घट्ट आवळून ठेवणाऱ्याच्या हातात साई फिरत नाही, आणि सैल सोडणाऱ्याच्या हातून ती उडते.

सुरुवातीला अंगठ्याच्या मुळाशी फोड येतात, मग घट्टे पडतात. खांदे वर चढले की फिरकी अडखळते. कंबर वळली नाही तर फटक्यात नुसता हात उरतो. म्हणून आमच्या दोजोत रोज आधी नुसत्या फिरक्या: खांद्याच्या उंचीवर, कमरेशी, बाजूला. त्याला कंटाळणारे पुढे जात नाहीत. मला मात्र त्या फिरक्यांत एक शांत लय सापडली आणि अजूनही दिवसाची सुरुवात मी त्यांनीच करते.

६. समोर बो असल्याशिवाय साई कळत नाही

एकट्यानं काता करताना साई देखणी दिसते. तिचा अर्थ मात्र समोर सहा फुटी बो घेतलेला माणूस उभा राहिल्यावर उघडतो. बो म्हणजे लाकडी काठी, सुमारे १८२ सेंटिमीटर. साईची पोच तिच्या निम्म्याहूनही कमी. लांबून खेळलं तर साईवाल्याची हार ठरलेली. त्यानं काठी वरून येताना ती सळईवर घ्यायची, घसरवत बाहेर काढायची आणि त्याच पावलात आत शिरायचं. एकदा आत शिरलं की सहा फुटांची काठी अवजड होते आणि हातभर लांबीची सळई मोकळी.

सिनेमात साईच्या शिंगांत तलवार धरून ती मटकन मोडलेली दाखवतात. असल्या भ्रमात राहू नये. आमच्या सेन्सेईंचं सांगणं स्पष्ट होतं: वार अडवायचा तो सळईनं, तोही आडवा तोडून, त्याची दिशा बदलून. शिंगांचं पहिलं काम आपल्या बोटांचं रक्षण. वार सळईवरून घसरत खाली आला तर तो शिंगाशी थांबतो. अडकवणं आणि पिळणं नंतरचं, आणि तेही काठीवर किंवा मनगटावर.

निन्जा टर्टल्समधला रॅफेल साई वापरतो, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना ती निन्जांची वाटते. तिथं ती टोकदार खंजिरासारखी खुपसायला काढलेली असते. साईचा निन्जांशी काही संबंध नाही. ज्या मुलांना मी भेटते त्यांच्या हातात खरी साई देते. तिचं वजन लागलं की पुढचे प्रश्न ती मुलं आपणहून विचारतात.

७. तिसरी साई कमरेला

दोन हातांत दोन आणि पट्ट्यात मागे तिसरी, अशी जुनी पद्धत. काही कातांमध्ये एक साई समोरच्याच्या पावलाच्या दिशेनं फेकतात आणि त्याच झपाट्यात कमरेची बाहेर येते. पावलावर, कारण पळणारा थांबवायचा आहे. शिपायाचं काम इथंही दिसतं.

८. काताची नावं घेऊन गावं पाहून यावं

ज्या ताइरा शिन्केन यांची हकीकत पुढे येते, त्यांच्या परंपरेत साईचे आठ काता आहेत आणि त्यांची नावं बहुतेक गावांची किंवा माणसांची. हामाहिगा, त्सुकेन शिताहाकु, चातान यारा, याका, तावादा, कोजो. दोजोत ही नावं नुसती हाक दिल्यासारखी येतात. मी ठरवलं की ती गावं पायाखाली घालायची.

हामाहिगा हे ओकिनावाच्या पूर्वेचं छोटं बेट. कात्सुरेन द्वीपकल्पावरून समुद्रातून जाणारा रस्ता धरायचा, हेन्झा बेटावर पोचायचं आणि तिथून पूल ओलांडायचा. हा पूल १९९७ मधला, त्याआधी होडीच. ओकिनावाच्या पुराणकथेत देश घडवणारी अमामिक्यो आणि तिचा जोडीदार शिनेरिक्यो याच बेटावर राहिले, अशी श्रद्धा आहे आणि त्यांच्या नावाचं ठिकाण लोक अजून पूजतात. अशा बेटावरून साईचा एक काता निघावा, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. त्सुकेनला जायला हेशिकिया बंदरातून बोट मिळते. बेट सपाट, गाजरांच्या शेतांसाठी प्रसिद्ध. बोचा एक काताही त्सुकेनच्या नावाचा आहे आणि वल्ह्याचाही. एवढ्याशा बेटाच्या नावावर तीन हत्यारं.

चातान आज अमेरिकन दुकानांनी आणि हॉटेलांनी भरलेलं, अमेरिकी लष्करी तळाच्या कुंपणाला लागून. ज्याच्या नावाचा काता आहे त्या चातान याराची खूण तिथं शोधायला गेलेला माणूस गांगरतो. याका गावात १९४५ च्या युद्धात पकडलेल्या सैनिकांची छावणी होती. त्या गावाचं नाव आजही वयस्क लोक त्या आठवणीनंच घेतात. हे पाहून आल्यावर काता करताना पाय वेगळे पडू लागले. 'याका नो साई' अशी हाक आली की आता मला रस्ता दिसतो.

९. एका लंगड्या माणसाचं ऋण

हे आठ काता मला शिकायला मिळाले ते ताइरा शिन्केन यांच्यामुळे, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ताइरा १८९७ मध्ये कुमे बेटावर जन्मले. हे कुमे बेट वेगळं, नाहातली कुमे वस्ती वेगळी. तरुणपणी ते दाइतो बेटांवरच्या फॉस्फेटच्या खाणीत काम करत असताना खाण कोसळली. ते गाडले गेले, वाचले, पण पायाला कायमची दुखापत राहिली. अशा पायानं माणूस युद्धकलेकडे वळतो ही गोष्टच मला थक्क करते. १९२२ मध्ये ते तोक्योला गेले. ओकिनावाचे फुनाकोशी गिचिन त्याच वर्षी तिथं कराटेची प्रात्यक्षिकं देत होते. ताइरा त्यांचे शिष्य झाले. १९२९ पासून ते याबिकु मोदेन यांच्याकडे कोबुदो शिकू लागले. याबिकुंनी त्याआधीच र्‍यूक्यूच्या जुन्या शस्त्रविद्येसाठी अभ्यासमंडळ काढलं होतं. ती विद्या विस्मरणात जात आहे, हे ओळखणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांचं नाव येतं.

ताइरांनी पुढे गुन्मा प्रांतातल्या इकाहो या गरम झऱ्यांच्या गावात शाळा काढली आणि १९४० मध्ये ते ओकिनावाला परतले. पाच वर्षांत ओकिनावाचं युद्ध आलं. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकी सैन्य उतरलं आणि जूनच्या अखेरीपर्यंत दोन लाखांहून अधिक माणसं मेली. ओकिनावाच्या लोकांपैकी चौघांतला एक गेला. शुरी किल्ल्याखालच्या भुयारांत जपानी सैन्याचं मुख्यालय होतं, त्यामुळे किल्ला जमीनदोस्त झाला. चीन, सियाम, मलाक्काशी झालेल्या राज्याच्या पत्रव्यवहाराचा संग्रह, 'रेकिदाइ होआन', त्याची ओकिनावातली प्रत त्या युद्धात गेली. अन्यत्र केलेल्या नकलांवरून तो आज वाचता येतो. आणि ज्या घरांत काता जिवंत होते त्या घरांतले कितीतरी आजोबा, वडील, काका त्या तीन महिन्यांत संपले. ज्याला एकच काता येत होता आणि तो कुणालाच सांगून झाला नव्हता, असा माणूस गेला की तो काताही गेला.

आपल्याकडे जुन्या गवयांनी पदरमोड करून, गावोगाव हिंडून दुर्मीळ बंदिशी गोळा केल्या, त्याच निष्ठेनं ताइरांनी काता गोळा केले. कुणाकडे बो, कुणाकडे तोनफा, कुणाकडे साई. बसायचं, करून दाखवायला सांगायचं, स्वतःच्या अंगात उतरवून घ्यायचं. १९५५ मध्ये त्यांनी र्‍यूक्यू कोबुदोच्या जतनासाठी संस्था स्थापन केली, १९६४ मध्ये आपलं मोठं पुस्तक काढलं आणि १९७० मध्ये ते गेले. त्यांच्या मागे आठ हत्यारांचे चाळीसहून अधिक काता उरले. ओकिनावात आकामिने एइसुके आणि मुख्य बेटांवर इनोउए मोतोकात्सु यांनी ते पुढे नेले. मातायोशी घराण्याची परंपरा वेगळी. तिच्यातही साई आहे आणि तिचे स्वतःचे काता आहेत. दोन परंपरांतले लोक एका व्यासपीठावर काता करतात तेव्हा एकाच हत्याराची दोन बोलणी ऐकल्याचं समाधान मिळतं.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दगडावरचा लेख पुन्हा वाचता येतो आणि त्याचा अर्थ बदलू शकतो. काताचा कागद नसतो. तो करणाऱ्याच्या शरीरात असतो, म्हणून त्यातलं पाऊल आपल्या सोयीनं फिरवण्याचा हक्क शिकणाऱ्याला नाही. आमच्या दोजोत एक तरुण शिक्षक वळणावर पाय थोडा आधी उचलायचा, दिसायला ते अधिक झोकदार होतं. सेन्सेईंनी त्याला सगळ्यांसमोर थांबवलं नाही. संध्याकाळी एकट्याला बसवून ताइरांचे जुने फोटो दाखवले, पावलांची जागा दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून पाय जागेवर आला.

१०. पाहायला जायचं तर

तोमिगुसुकु शहरात २०१७ मध्ये ओकिनावा कराटे काइकान उघडलं. कराटे आणि कोबुदोचा इतिहास तिथं नीट मांडलेला आहे, प्रात्यक्षिकंही होतात. २५ ऑक्टोबर हा ओकिनावात कराटे दिन. १९३६ मध्ये त्याच तारखेला नाहात भरलेल्या बैठकीत आजच्या लेखनात 'कराटे' हे नाव पक्कं झालं, त्याची ही आठवण. नाहातल्या कोकुसाइ रस्त्यावर त्या सुमारास लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे ओळीनं काता करतात. मात्र शुरीला जाऊन निराश होऊ नये. युद्धानंतर पुन्हा उभारलेला मुख्य वाडा ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे जळाला. त्या सकाळी ओकिनावातली म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. पुन्हा बांधण्याचं काम लगेच हाती घेतलं गेलं, आणि सुतार, रंगारी, कौलं भाजणारे कारागीर काम करत असताना पाहण्याची सोयही केली गेली. ते काम बघणं हाही एक धडाच आहे.

११. सुरुवात करणाऱ्यांसाठी

पुण्यात परत आल्यावर आमच्या सोसायटीतल्या काही मुली शिकायला येऊ लागल्या. पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, "काकू, फेकायला कधी शिकवणार?" तिला मी बो दिला. ताइरांच्या परंपरेत बहुतेक ठिकाणी आधी बो आणि मग साई असा क्रम असतो आणि तो मला योग्य वाटतो. बो अंतर शिकवतो, पाय शिकवतो, दोन्ही हातांना एका कामाला लावतो. साई त्या दोन हातांना वेगवेगळी कामं देते. उजवा हात फटका देत असताना डावा वार रोखतो आणि डोळे दोन्ही हातांवर ठेवता येत नाहीत. पाय पक्के नसतील तर हा गोंधळ अंगावर येतो.

मुलांना मोठ्यांची साई देऊ नये. मनगटाचे सांधे कोवळे असतात आणि जड लोखंडाच्या झटक्यानं दुखावतात. त्यांच्या हाताच्या लांबीची, हलकी जोडी घ्यावी. चमकदार मुलामा दिलेल्या साई दुकानात छान दिसतात, पण घामात निसरड्या होतात. मुठीला सुती दोरी गुंडाळलेली असेल तर पकड बसते. समुद्राकाठी राहत असाल तर सरावानंतर पुसून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर आठवड्यात तांबेरा चढतो. घरात साई भिंतीवर उघडी टांगू नये, लहान मूल असेल तर मुळीच नाही.

आणि पहिले काही महिने फरशीवर सराव करू नये. साई हातातून सुटतेच, अगदी शिकलेल्यांच्याही. हिरवळ बघावी किंवा वाळू. पायात जाड बूट घालावेत, दोघांमध्ये काठीभर अंतर ठेवावं आणि सुटलेली साई हवेत झेलायला जाऊ नये. ती पडू द्यावी, मग उचलावी.